चांदणीची फिर्याद

आमच्या कॉलनीत राहणाऱ्या एका कुत्रीला लोखंडी पाईपनं मारहाण झाली आणि तिचा पाय मोडला. त्याची पोलिसांत रीतसर फिर्याद नोंदवून प्रकरण न्यायालयात पोचायला जवळजवळ साडेतीन महिने लागले. मार्च 2025 मध्ये दोषारोपपत्र दाखल झालं, तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण फोन करून विचारतात की असं काही डोळ्यांसमोर घडलं तर आधी कुठं जायचं, कोणता कागद लागतो, पोलीस ऐकतात का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा घडलं तसं सगळं एकदा लिहून ठेवतेय. यात कलमं आहेत, खर्च आहे, शेजाऱ्यांशी आलेला दुरावा आहे. आणि मुलं आहेत. मी पोलीस ठाण्याची पायरी चढले ती मुलांमुळेच.

आम्ही नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडं आत राहतो. तीन मजली इमारती, मध्ये पार्किंग, मागे मोकळा प्लॉट. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक काळी कुत्री दोन-तीन वर्षांपासून तिथंच असते. ठिपक्यावरून मुलांनी तिला चांदणी म्हणायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये जिन्याखाली तिला चार पिल्लं झाली. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. आमच्याकडेही पहाटे हात गारठत होते. मुलांनी भाजीवाल्याकडून कांद्याचं रिकामं गोणपाट मागून आणलं आणि पिल्लांखाली अंथरलं.

तक्रार असलेली माणसंही होती, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. रात्री चांदणी भुंकायची. नव्या गाडीचं कव्हर पिल्लांनी फाडलं होतं. त्या गाडीचे मालक आमच्याच शेजारच्या इमारतीत राहतात. ‘हिला इथून हलवा’ असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, आणि पिल्लं जरा मोठी होईपर्यंत थांबायचं असं ठरलंही होतं.

8 डिसेंबर 2024, रविवार. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांनी पार्किंगमधला पाईप उचलला. चांदणी पिल्लांना पाजत होती, त्यामुळे ती उठून पळालीही नाही. पाच-सहा मुलं तिथं खेळत होती, त्यात माझी नऊ वर्षांची लेक. ती धावत वर आली आणि तिला नीट बोलताही येईना.

जखमी कुत्र्याला उचलताना काय करायचं, हे मला त्या दिवशी फोनवरून डॉक्टरांनी सांगितलं. ते इथं आधी सांगते, कारण ती वेळ येते तेव्हा शोधायला सवड नसते. कितीही मायेचं जनावर असो, वेदनेत ते चावतं. आधी अंगावर जाड चादर किंवा टॉवेल टाकायचा. श्वास नीट चालू असेल तर ओढणीनं तोंड हलकं बांधायचं. पाय ओढायचा नाही. अंगाखाली फळी सरकवायची आणि फळीसकट उचलायचं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात द्यायची नाही, आपल्याला सहज चालणाऱ्या काही गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या बाधतात. मुलांना चार पावलं लांब उभं करायचं. आम्हाला जुन्या कपाटाची प्लायवूडची फळी सापडली. दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला. तिसऱ्यानं मागची सीट पुसायला स्वतःच फडकं काढून दिलं आणि परतीचं भाडं घेतलं नाही.

रविवार असल्यानं सरकारी दवाखाना बंद होता, म्हणून खासगीत नेलं. एक्स-रेत मागच्या उजव्या पायाचं नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं दिसलं. त्या दिवशीचं बिल 2,350 रुपये झालं. पायात पिन टाकायच्या शस्त्रक्रियेचे 14,000 सांगितले होते, रस्त्यावरची कुत्री आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी 9,500 केले. पुढची ड्रेसिंग, औषधं, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन, भाड्याचा पिंजरा असं धरून सगळा खर्च 17,000 च्या आसपास गेला. निम्म्याहून जास्त पैसे कॉलनीतूनच जमले. बिल नेहमी छापील घ्या, त्यावर तारीख, वेळ आणि जनावराचं वर्णन असू द्या. आमच्या डॉक्टरांनी न मागता ‘बोथट वस्तूच्या जोरदार आघाताने झालेली इजा’ असं लिहून दिलं होतं, त्या एका ओळीचा पुढे फार उपयोग झाला.

मी तक्रार करायचं ठरवलं ते दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी कामावरून आले तर पार्किंगमध्ये मुलांचा नवा खेळ चालला होता. एक मुलगा हातापायांवर कुत्रा झाला होता. दुसऱ्याच्या हातात क्रिकेटची स्टंप होती आणि तो ‘पाईपवाले काका’ झाला होता. बाकीची हसत होती. कुत्रा झालेल्यानं केकाटायचं, मग पाळी बदलायची. सगळ्यात लहान मुलगी पहिलीतली होती आणि तिला पाईपवाले काकाच व्हायचं होतं.

ही मुलं वाईट नाहीत. त्यांनीच गोणपाट अंथरलं होतं. पण मोठ्या माणसानं केलं, बाकीच्या मोठ्यांनी बाल्कनीतून पाहिलं आणि पुढे काहीच झालं नाही, एवढं त्यांना दिसलं होतं. अजून आठवडाभर काही झालं नसतं तर मारणं ही चालणारी गोष्ट आहे, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं असतं. त्या रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, ‘शेजार तुटेल.’ मी म्हटलं, ‘तुटला तर तुटू दे.’ दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार सभ्यपणे बोलले. पाणी दिलं, बसवलं. ‘ताई, एनसी करून घेतो, समज देतो त्यांना,’ असं म्हणाले. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिची पावती मिळते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये मारहाण, छळ, उपाशी ठेवणं असं बरंच काही येतं, पण त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50 रुपये. हा आकडा मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राज्यसभेत 1953 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडलं, त्यांच्या पाठपुराव्यातून पुढे हा कायदा झाला. तेव्हा 50 रुपयांना काही किंमत असेल. आज तो दंड तसाच ठेवणं ही आपल्या सगळ्यांसाठी शरमेची गोष्ट आहे.

पण दुसरं कलम आहे, आणि ते माहीत असणं फार गरजेचं आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 325 प्रमाणे कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायचा असतो. जामीनपात्रही आहे, त्यामुळे कुणी लगेच तुरुंगात जात नाही. जुन्या दंड संहितेत यासाठी 428 आणि 429 ही कलमं होती आणि त्यात प्राण्याची किंमत 10 रुपये की 50 रुपये असा हिशेब होता. नव्या कलमात किंमतीची अट राहिलेली नाही. अजून बरेच जण सवयीनं 428-429 म्हणतात. आपण नवं कलम लिहूनच न्यावं.

अंमलदारांनी दोन प्रश्न विचारले. कुत्रीचा मालक कोण? आणि ती अपंग झाली हे कशावरून? पहिल्याचं उत्तर असं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, त्यासाठी मालक असावं लागत नाही. दुसऱ्यासाठी त्यांनी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मागितला. तो प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यासकट चांदणीला अशोकस्तंभाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. केसपेपरला किरकोळ शुल्क लागलं. सकाळी लवकर जा, कारण दुपारी रांग वाढते आणि जखमी जनावराला गर्दीत ठेवणं अवघड जातं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पाय तपासला आणि पाय पूर्ववत होण्याची शक्यता कमी असल्याचं दाखल्यात लिहिलं. सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे ना हे तिथंच बघून घ्या.

मधल्या काळात सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण वाचवलं. हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे. बहुतेक डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रात, काही दिवसांनी जुनं पुसून नवं चढतं. पेनड्राईव्हवर घेतलेल्या प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यावर कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. आमचे चेअरमन दोन दिवस टाळत होते. ‘वहिनी, मला दोन्ही घरांत उठबस करायची असते,’ म्हणाले. त्यांचंही खरं होतं. शेवटी त्यांच्या आईनंच त्यांना सही करायला लावली.

मग लेखी अर्ज केला. दोन प्रती, एकावर आवक शिक्का आणि तारीख घेऊन परत आणायची. अर्जात विशेषणं घालू नका. राक्षसी, अमानुष असलं काही नको. किती वाजता, कुठं, कशानं, किती वार, कुणी पाहिलं, एवढंच. माझा पहिला मसुदा नवऱ्यानं वाचून अर्धा केला आणि तोच उपयोगी पडला.

दोन-तीन दिवस ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ असंच उत्तर येत होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा नवा कायदा. त्याच्या कलम 173 मध्ये सोय आहे: ठाण्यात नोंद घेतली गेली नाही तर तीच माहिती वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालानं पाठवता येते. मी सगळ्या कागदांच्या प्रती जोडून पोलीस आयुक्तालयात स्पीड पोस्टनं पाठवल्या आणि पावती जपून ठेवली. पत्रात कुणाबद्दल वाकडं लिहिलं नाही. 17 डिसेंबरला ठाण्यातून फोन आला आणि त्याच दुपारी एफआयआर झाला, कलम 325 आणि जोडीला 1960 च्या कायद्याचं कलम 11. या जुन्या कायद्याखाली खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून तारखांवर लक्ष ठेवावं लागतं.

फिर्याद टाइप झाली की सही करण्याआधी सावकाश वाचा. माझ्यात कुत्रीचा कुत्रा झाला होता आणि सकाळचे नऊ रात्रीचे नऊ झाले होते. हवालदारांनी न कुरकुरता दुरुस्त केलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

पंचनाम्याला पंच मिळेनात. कॉलनीतली जी माणसं बाल्कनीतून हळहळली होती त्यांना नेमकी तेव्हाच कामं निघाली. शेवटी कोपऱ्यावर हार-फुलं विकणाऱ्या मावशी आणि एक निवृत्त शिक्षक आले. मावशींनी सही करताना विचारलं, ‘कोर्टात बोलावतील का गं?’ मी म्हटलं, बोलावू शकतात. ‘बोलावू दे,’ म्हणाल्या आणि सही केली. पाईप जप्त झाला.

लेकीच्या जबाबाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. पण साक्षीदार म्हणून महिलांना आणि 15 वर्षांखालच्या मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब राहत्या घरीच घ्यावा लागतो. तपास अधिकाऱ्यांनीच हे मला सांगितलं. साध्या साडीतल्या एक महिला हवालदार घरी आल्या. आधी त्यांनी तिच्या चित्रांची वही पाहिली, मग विचारलं. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘त्या काकांना मारू नका.’ हवालदारताई म्हणाल्या, ‘नाही मारत. त्यांना फक्त विचारणार.’

शेजार तुटला. त्यांच्या घरातून बोलणं बंद झालं, संक्रांतीला तिळगूळ आला नाही, ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की माणसांना न्याय मिळत नाही आणि इथं कुत्र्यांसाठी कोर्ट. मला हे लागलं. पण माणसाला न्याय मिळायला उशीर होतो म्हणून मुक्या जनावराचा मोडलेला पाय कमी मोडलेला होत नाही. एवढं उत्तर लिहिलं आणि ग्रुप बघणं सोडलं.

या गडबडीत एक पिल्लू थंडीनं गेलं. आई पिंजऱ्यात, पिल्लांना बाटलीनं दूध. रात्री दर काही तासांनी उठायला आम्ही पाळ्या लावल्या होत्या, तरी सगळ्यात बारकं टिकलं नाही. मुलांनी मागच्या प्लॉटमध्ये खड्डा केला. त्या वेळी पाईप-पाईप खेळणारा एक मुलगा रडत म्हणाला, ‘काकू, मी पण तिला दगड मारायचो.’ त्याला मी रागावले नाही, समजावायलाही गेले नाही. उरलेल्या तिघांची बाटली उकळून देशील का, असं विचारलं. तो दोन आठवडे रोज आला.

तिथून मुलांचे रविवार सुरू झाले. सुरुवातीला मी बोलून पाहिलं, पण बोलण्यानं काही होत नाही. ‘प्राण्यांवर प्रेम करा’ हे वाक्य मुलांनी शाळेत इतक्यांदा ऐकलंय की ते त्यांच्या कानांवरून घसरून जातं. काम दिलं की फरक दिसतो. एका वहीत चांदणीनं काय केलं ते रोज कुणीतरी लिहायचं. कान मागे केले, शेपूट आत घेतली, पाय उचलून धरला, आज टेकवला. दोन-तीन आठवड्यांत मुलं तिच्या अंगावरून तिचा मूड ओळखायला लागली. दगड मारणाऱ्या हाताला समोरचं जनावर घाबरलेलं दिसत नसतं. दिसायला लागलं की तो हात आपोआप खाली येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टर एकदा घरी आले आणि स्टेथोस्कोप मुलांच्या कानाला लावून दिला. ‘पिल्लाचं हृदय माझ्यापेक्षा जोरात पळतंय,’ पहिलीतली मुलगी ओरडली. तिला पुन्हापुन्हा ऐकायचं होतं.

निवृत्त शिक्षकांनी नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी पोळी घशात अडकेल म्हणून. मुलांना गोष्ट माहीत होती, तरी या वेळी प्रश्न वेगळे आले. ‘कुत्र्याला तूप चालतं का?’ डॉक्टरांना विचारलं. फार तूप, गोड, चॉकलेट नको म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते नाशिककरांनी तरी लक्षात ठेवायलाच हवं: द्राक्षं, बेदाणे आणि कांदा कुत्र्यांना घालू नयेत. द्राक्षांनी त्यांचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे हंगामात घरोघरी द्राक्षांची क्रेट येतात आणि मुलं मायेनं घड पुढे करतात. कांद्याच्या रश्शातली शिळी पोळी तर रोजची. आमच्या मुलांनी यावर मोठ्या अक्षरांत चित्रं काढून जिन्यात लावली.

शिक्षकांनी आणखी एक केलं. मुलांना आपापली पाठ्यपुस्तकं आणायला लावली आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचं पान उघडायला सांगितलं. पुस्तक आणतात, कव्हर घालतात, ते पान कुणी वाचत नाही. अनुच्छेद 51 क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे कर्तव्य म्हणून छापलेलं आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीत ही कर्तव्यं आली. एका मुलानं विचारलं, ‘म्हणजे हे पप्पांना पण लागू आहे?’ शिक्षक म्हणाले, ‘सगळ्यांना.’

कुत्र्यांना घाबरणाऱ्या पालकांचं मी मनापासून ऐकते. रेबीज झाला की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे त्यांची भीती योग्यच आहे. म्हणून मुलांना माया आणि सावधगिरी एकत्र शिकवली. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याजवळ जायचं नाही. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही. चावलं किंवा नखाचा ओरखडा आला तर घरी लपवायचं नाही, जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. माझ्या मते ‘लपवायचं नाही’ हे सगळ्यात महत्त्वाचं. ओरडा बसेल म्हणून मुलं हीच गोष्ट दडवतात.

प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे कुत्र्यांना खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून लांब हवी आणि वेळ ठरलेली हवी. तो नियम छापून सोसायटीच्या बैठकीत ठेवला. मागच्या प्लॉटची भिंत ठरली, वेळ रात्री साडेनऊ. तक्रारी अर्ध्याहून कमी झाल्या. त्याच नियमांत निर्बीजीकरण केलेलं कुत्रं त्याच्याच भागात परत सोडायचं आहे, हे कळल्यावर ‘हिला हलवा’ हा विषय मिटला. पिल्लं दूध सोडून खायला लागल्यावर मार्चमध्ये चांदणीचं निर्बीजीकरण झालं, रेबीजची लस टोचली, कानाला खूण झाली. दोन पिल्लं ओळखीच्या घरी गेली, एक इथंच आहे.

एका गोष्टीचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. ज्यांच्यावर गुन्हा आहे त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. रविवारी तो बाल्कनीत उभा असायचा. फेब्रुवारीत त्याच्या आईनं मला जिन्यात गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘त्याला पाठवू का?’ मी हो म्हटलं. आदल्या दिवशी बाकीच्या मुलांना घरी बोलावून एकच सांगितलं, की पाईपचा विषय काढायचा नाही, त्याच्या वडिलांबद्दल बोलायचं नाही. एकानं पहिल्याच दिवशी काढला. तो मुलगा उठून गेला आणि पुढचे दोन रविवार आला नाही. मग पुन्हा यायला लागला. चांदणीजवळ जात नाही, लांबून वही लिहितो. त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे. फिर्याद मी मागे घेणार नाही, आणि त्या मुलाच्या मनात काय चाललं असेल याचा विचार केल्याशिवाय एकही रविवार जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

तपासाची प्रगती फिर्यादीला 90 दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मार्चच्या सुरुवातीला मी त्याचा उल्लेख करून अर्ज दिला आणि महिनाअखेरीच्या आत दोषारोपपत्र दाखल झाल्याचा फोन आला. सरकारी वकील असतात, फिर्यादीला वकील लावावाच लागतो असं नाही. तारखा लांबच्या पडतात, साक्षीचं समन्स यायला वेळ लागेल असं सांगितलंय. चांदणी तीन पायांवर पळते, चौथा पाय टेकवते पण त्यावर भार देत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, तिलाही एक प्रत द्या. फाईलमध्ये एफआयआर, आवक शिक्क्याचा अर्ज, दाखला, एक्स-रे, बिलं, कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र आणि टपालाच्या पावत्या क्रमानं लावा आणि एक झेरॉक्स संच दुसऱ्या घरी ठेवा. आमच्या अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, नावं काढून पाठवते.